घरातलं उष्टं

द्रौपदाबाईंना अन्न वाया गेलेलं बघवत नसे, म्हणून ते त्या स्वतः खात. दीपनगरच्या क्वार्टरमध्ये सगळ्यांची जेवणं उरकली की त्या ताटं पुढ्यात ओढत. नातवानं कालवून टाकलेला गार वरणभात, मुलाच्या, युवराजच्या ताटातला भरताचा तेलकट लगदा, नवऱ्यानं, आधारभाऊंनी चावून ठेवलेली भाकरी. घास घशाशी अडला की वर पाणी. चाळीस वर्षं हेच जेवण.

साखर वाढली तेव्हा सून प्रज्ञा त्यांना भुसावळला घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, तुम्हाला भूक कधी लागते?"

द्रौपदाबाईंना ताटांत उरलं की जेवायचं, एवढंच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताटं पुन्हा समोर आली. आमटीत फुगलेला भाकरीचा तुकडा, त्यावर दातांच्या खुणा. त्यांना अशी शिसारी आली की त्या उठून मोरीत गेल्या आणि ओकल्या. प्रज्ञा पाठ चोळत होती. तिला त्यांनी मग वडिलांची गोष्ट सांगितली. एरंडोलकडच्या गावात लग्नाच्या पंगती उठल्या की उष्ट्याची पाटी त्यांच्या घरी यायची. वडिलांनी एकदा ती उकिरड्यावर फेकली. दोन दिवस पोरं अर्धपोटी राहिली, पण घरातलं पुन्हा कुणी पाटी घेऊन उष्टं आणायला गेलं नाही.

"आणि मी आपल्याच घरात तेच खात बसले," त्या म्हणाल्या.

पुढल्या सकाळी त्यांनी काहीच तोंडात टाकलं नाही, वाट पाहिली. अकराच्या सुमारास पोटात खड्डा पडला. कितीतरी वर्षांनी. त्यांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी टाकली, ठेचा घेतला आणि कुणाचीही वाट न बघता तव्यावरची गरम भाकरी खाल्ली. दीड भाकरीवर हात आपोआप थांबला. उरलेली अर्धी झाकून ठेवली.

आधारभाऊ जेवायला आले तर बायको आधीच जेवलेली. ते जेवले आणि नेहमीसारखंच अर्धं ताट टाकून उठू लागले. द्रौपदाबाईंनी ताट त्यांच्याकडे सरकवलं.

"हे तुमचं उष्टं. संपवा, नाहीतर उद्यापासून कमी वाढून घ्या."

आधारभाऊ चार दिवस घुश्शात जेवले. आता कमी घेतात. नातू अजून टाकतो, ते प्रज्ञा शेजारच्या शेळीला घालते. ताटं उचलायच्या वेळी द्रौपदाबाई बाहेर ओट्यावर जाऊन बसतात. गार वरणभाताचा वास आला तरी त्यांना मळमळतं.