फरशीवर आखलेलं घर

"ते जोडपं कुठंय?"

"कुठलं जोडपं?"

"नवीन लग्न झालेलं. आपला पलंग ज्यांनी घेतला ते. बायको डावखुरी, नवरा बुटका, आणि पलंग बघून दोघांना म्हणे भरून आलं. कुठे लपवलंस त्यांना? पलंगाखाली?"

"हळू बोल. ठमी आहे इथे."

"दिसतेय की. स्क्रू धरून उभी आहे. म्हणजे तीही मैत्रिणीकडे गेलेली नाही."

हे सगळं चाललं होतं जाऊबाईंच्या मागच्या खोलीत. बाई हातात पिशवी घेऊन आल्या होत्या वजनकाटा मागायला. पुढच्या आठवड्यात तिघांचं विमान होतं, आणि कुठली बॅग किती भरलीय हे उचलून उचलून हात दुखले तरी कळत नव्हतं. जाऊबाईंनी दार उघडलं, पण त्या दारातून हलल्या नाहीत. "थांब हं, इथेच आणून देते," म्हणाल्या आणि म्हणता म्हणता त्यांनी एकदा मागे बघितलं. इतकी वर्षं वर्गावर उभं राहिलेल्या माणसाला ते मागे बघणं बरोबर कळतं. बाक कुठला आणि वही कुणाची, तेवढंच शोधायचं राहतं. बाई त्यांच्या हाताखालून आत शिरल्या.

मागच्या खोलीत बाईंचं घर लावून ठेवलं होतं. त्यांचा पलंग, त्यांचा सोफा. फ्रिजवर तोच पोचा, बादली आपटून पडलेला. खिडकीला त्यांचे पडदे. बाईंनी ते धुऊन, इस्त्री करून, घडी घालून दिले होते, कारण नवऱ्याने सांगितलं होतं की त्या नव्या नवरीकडे पडदेच नाहीत बिचारीकडे. कोपऱ्यात मुलीचं अभ्यासाचं टेबल, त्याच्यावर तिने चिकटवलेली घुबडं. आणि पलंगाच्या पायाशी, हातात पाना घेऊन, उकिडवा बसलेला नवरा. तो त्या वेळी डॉक्टरांकडे शेवटची कवळी पोचवायला गेलेला असायला हवा होता.

बाई म्हणजे गणिताच्या बाई. शाळेत बाई, गल्लीत बाई, दुकानात बाई. नवरासुद्धा लाडात आला की बाईच म्हणायचा. तो कवळ्या बनवणारा. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं काम चाले, फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले. या शहरातलं निम्मं हसू माझ्या हातचं आहे, असं तो पाहुण्यांना सांगायचा, आणि पाहुण्यांत कुणी त्याचं गिऱ्हाईक निघालं की ते तोंडावर रुमाल धरून हसायचं. मुलगी अकरा वर्षांची, पण बोलणं सगळं आजीबाईचं. म्हणून ती ठमाकाकू, आणि घाईत ठमी.

परदेशातल्या एका शाळेत गणिताच्या शिक्षिकेची जागा आहे हे आधी त्यानेच वाचलं. बाईंनी ऐकून सोडून दिलं होतं.

"माझं ठीक आहे. तुझं काय?"

"माझं काय? माणसांना दात सगळीकडे असतात. पडतातही सगळीकडे."

"आणि भाषा?"

"तोंड उघडा, तोंड मिटा. एवढी दोन वाक्यं आली की झालं."

बाई हसल्या आणि तिथेच अडकल्या. मुलाखतीच्या दिवशी त्याने शेजाऱ्यांच्या दारोदार जाऊन कुकर आणि टीव्ही बंद ठेवायला सांगितलं. होकार आला तेव्हा तो बाईंच्या आधी रडला.

मग तयारी. तिथे सातच्या अंगात एक आडवी रेघ मारतात. दशांशाला टिंब नाही, स्वल्पविराम. भागाकार तर पार उलट्या बाजूने मांडतात, भाजक उजवीकडे, खाली उत्तर. बाईंनी फ्रिज गेल्यावर मोकळ्या झालेल्या भिंतीवर फळा टांगला आणि रोज जेवणं झाल्यावर वर्ग भरवला, त्या परक्या भाषेत. विद्यार्थी दोन. ठमी पहिल्या बाकावर. तिच्या बाबांनी स्वतःहून मागचा बाक घेतला होता. तो मुद्दाम चुकायचा, शेजारच्या वहीत डोकवायचा, बाईंना त्या भाषेत मुलं दटावता यावीत म्हणून. बाईंचा हात जुन्या वळणाचा सात काढायला लागला की मागून हळूच आवाज यायचा, "बाई, रेघ."

सोफाही गेला, पाठोपाठ त्याचं कामाचं सामानही हललं आणि पुढची खोली मोकळी झाली तेव्हा बाईंनी खडू घेतला. शाळेने राहायच्या जागेचा नकाशा मापांसकट पाठवला होता. बाईंना कागदावरची खोली कधी पुरत नसे. त्यांनी मोजपट्टी लावून ते अख्खं घर फरशीवर खऱ्या मापाने आखलं. न्हाणीघर मावेना, ते सज्ज्यात गेलं. दारं दाखवली, खिडक्या दाखवल्या, दार कुठल्या बाजूला उघडतं त्याचा पाव गोलसुद्धा काढला. "आता बघू," म्हणाल्या, "आपण यात मावतो का."

तिघं त्या रेघांत राहायला लागले. नियम ठमीचे. भिंतीतून चालायचं नाही. दारातूनच यायचं, आणि न्हाणीघरात कुणी असलं तर बाहेर थांबायचं.

"बाबा, तुम्ही आत्ता कपाटातून आलात."

"कपाटात काम होतं."

"परत जा. दारातून या."

आणि तो निमूट परत जायचा, नसलेलं दार उघडायचा, पाय पुसायचा, आत यायचा.

खिडकीखाली त्याने स्वतःच्या हाताने एक लांबट चौकोन काढला. हे माझं कामाचं बाक. उजेड डावीकडून हवा, नाहीतर दाताची छटा जमत नाही. त्यावरून एक संध्याकाळ वाद झाला, कारण तिथे बाईंचं टेबल येत होतं. शेवटी बाईंनीच आपला चौकोन ओल्या फडक्याने पुसला. "राहू दे. मी ओट्यावर बसून पेपर तपासेन. तुझा उजेड जायला नको."

तेव्हा त्याने मान खाली घालून बाकाचा एक कोपरा उगीच पुन्हा गिरवला होता.

तोच माणूस आता पाना खाली ठेवून उभा राहिला. गुडघ्यांवरची धूळ झटकली. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

"मी येणारच होतो," तो म्हणाला. "तुम्हाला पोचवणार. महिनाभर राहणार. सगळं नीट लावून देणार."

"आणि?"

"आणि मग परत."

"परत इथे. या खोलीत."

"वहिनींनी दिली जागा."

जाऊबाई दारात उभ्या होत्या. वजनकाटा खरोखरच आणला होता त्यांनी, पण तो द्यावा की मागे लपवावा हे ठरत नव्हतं. "मी भाऊजींना म्हटलं होतं गं, सांगून टाका म्हणून."

"कधी म्हटलंत, ताई? फ्रिज आला तेव्हा की सोफा आला तेव्हा?"

"तसं नाही गं."

"पडदे तर मी इस्त्री करून पाठवले."

"बसलेत छान," जाऊबाई म्हणून गेल्या आणि लगेच ओठ आवळून घेतले.

बाई नवऱ्याकडे वळल्या. "आणि त्या सामानाचे पैसे आणून दिलेस ते?"

"माझेच. साठवलेले."

"म्हणजे माझं सामान तूच माझ्याकडून विकत घेतलंस. वर ते कमी दिले म्हणून त्या जोडप्याला नावं ठेवलीस. कंजूष म्हणालास त्यांना."

"मग काय करणार? तू भाव करत होतीस."

एरवी यावर दोघंही हसली असती. ठमीने हसू येतंय का म्हणून आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा मुठीतल्या स्क्रूंकडे बघायला लागली.

"मला नीट सांग," बाई म्हणाल्या. आवाज आता खाली आला होता. वर्गातली मुलं या आवाजाला जास्त घाबरायची. "का?"

"तिथे मला काम करू देत नाहीत. मी चौकशी केली. इथलं शिक्षण चालत नाही. पुन्हा पहिल्यापासून शिकायचं, त्यांच्या भाषेत, विशीतल्या पोरांबरोबर. तोवर घरात बसायचं. माझे हात बघ तू. हे हात घरात बसून काय करणार?"

"हे तुला कधी कळलं?"

त्याने पाना पुन्हा उचलला.

"कधी कळलं?"

"तुझ्या मुलाखतीच्या आधी."

"आधी."

"सांगितलं असतं तर तू मुलाखत दिली नसतीस."

"नसती दिली."

"म्हणूनच ना."

तो हे अशा सुरात म्हणाला, जणू गणित सुटलं. बाई मग पलंगाच्या काठावर टेकल्या. पाय अजून घट्ट झाला नव्हता, पलंग एका अंगाला कलला, तशा पुन्हा उठल्या.

"मला बाहेर काढायला एवढी माया कुणी केली नसेल," त्या म्हणाल्या. "शेजाऱ्यांचे कुकर बंद केलेस. मागच्या बाकावर बसलास. केसाने गळा कापतात म्हणतात, तो असा. मला वाटत होतं तू माझं डोकं चेपतोयस."

"मी तुझ्या वाटेत यायला नको म्हणून केलं."

"आणि ते बाक? खिडकीखालचं? उजेड डावीकडून हवा म्हणालास. मी माझी जागा पुसून तुला दिली. त्या वेळी तुला माहीत होतं."

"हो."

"तरी भांडलास."

"भांडलो नसतो तर तुला संशय आला असता."

जाऊबाईंनी जिभेने च्च केलं. ते कुणासाठी होतं, देव जाणे.

बाईंनी खोलीभर नजर फिरवली. आता त्या राग बाजूला ठेवून मोजदाद करत होत्या. पलंग आहे. सोफा, फ्रिज, पडदे. त्याची फिरती खुर्ची, जबड्यांची फळी, सगळी आहेत. ठमीचं टेबल आहे.

"माझं टेबल कुठंय?"

नवऱ्याने जाऊबाईंकडे बघितलं.

"माझं पुस्तकांचं कपाट? शिलाईचं मशीन?"

"ते खरंच विकलं," नवरा म्हणाला. "आला होता एक जण. मला वाटलं, तू तिथेच असणार, तर इथे तुला ते कशाला..."

"म्हणजे खरा सौदा झाला तो माझाच."

 एवढ्या वेळात पहिल्यांदाच त्याचा चेहरा उतरला. आपण काय करून बसलो ते त्याला आत्ता, या खोलीत उभं राहून, दिसलं असावं. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं.

बाईंचं लक्ष मात्र घुबडांवर गेलं होतं. इतका वेळ त्या टेबलाकडे बघूनही जे दिसलं नव्हतं, ते आता दिसलं. "हिचं टेबल इथे काय करतंय?"

"तसंच ठेवलंय. तिला तिथे नाही करमलं तर. काही ठरलेलं नाही. नुसती जागा ठेवलीय."

"दिवा लावलाय त्याच्यावर. पेन्सिली टोकदार करून ठेवल्यात."

"त्या मी केल्या," ठमी म्हणाली.

मघापासून ती पहिल्यांदाच बोलली, आणि ते बोलणं ठमाकाकूचं नव्हतं. अकरा वर्षांच्या मुलीचं होतं. "बाबा म्हणाले, आईला सांगू नको, ती रद्द करेल. मग सगळं आपल्यामुळे वाया जाईल."

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"खडूच्या आधीपासून."

म्हणजे भिंतीतून चालायचं नाही हा नियम करताना. बाबांना दारातून परत पाठवताना. रात्री रेघांच्या आत गादी घालून, 'आई, तिथली खिडकी कुठे येते गं' असं विचारताना, आणि बाईंनी अंधारात बोट दाखवलं तेव्हा 'हां, दिसली' म्हणताना. बाईंनी हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

नवरा पुढे आला. "तिच्यावर चिडू नकोस. सांगायचं तर मला सांग."

"मी तिच्यावर चिडलेय असं तुला दिसतंय?"

"मग तिला विचार तरी. एकदा विचार, तिला काय हवंय."

"नाही विचारणार." बाईंनी मान हलवली. "हा धोंडा मी तिच्या गळ्यात नाही बांधणार. तू बांधलास तेवढा पुरे."

"मग ठरणार कसं?"

"ठरलेलंच होतं. मी सोडून सगळ्यांचं."

जाऊबाई म्हणाल्या, "बसा तरी आधी. पाणी देते." कुणी बसलं नाही, त्याही पाणी आणायला गेल्या नाहीत.

ठमीने मूठ उघडली. घट्ट धरून धरून स्क्रूंचे वळ तिच्या तळव्यावर उमटले होते. तिने ते स्क्रू एकेक करून आपल्या टेबलावर ठेवले. मग आईच्या समोर येऊन उभी राहिली, अगदी जवळ, आईच्या ओढणीचं टोक धरता येईल इतकी. धरलं मात्र नाही.

"आई, मी नाही आले तर तू एकटी जाशील?"

नवऱ्याने ठमीच्या वतीने काही म्हणायला तोंड उघडलं. जाऊबाईंनी हातानेच त्याला थांबवलं. आता तिघंही बाईंकडे बघत होते.

बाईंनी मुलीच्या कपाळावरचे केस मागे सारले, कानामागे नीट अडकवले. बोलणार असं वाटलं. मग त्या वळल्या, त्यांनी जाऊबाईंच्या हातातला वजनकाटा घेतला, जाऊबाई बाजूला झाल्या, आणि पुढच्या खोलीतून, उंबऱ्याशी काढलेल्या चपला पायात सरकवून, बाई चालत बाहेर पडल्या.