बोलणाऱ्या यंत्राच्या तोंडातला बोळा

"मंग एका ऑपरेटरनं त्या मशीनच्या तोंडात बोळा कोंबला," धोटे म्हणाला आणि अख्खा वर्ग खदखदून हसला.

मागच्या बाकावर बसलेले आमचे सुपरिंटेंडेंट साहेब मात्र हसले नाहीत.

सत्तरच्या दशकात मी नागपूरजवळच्या एका वीज केंद्रात ट्रेनिंग इंजिनियर होतो, म्हणजे कामगारांना शिकवायचो. सेफ्टीच्या लेक्चरला लोक खुशाल डुलक्या काढायचे. मला विज्ञानकथांचा भारी नाद. म्हटलं, हाच डोस देऊन बघू. अर्धी गोष्ट लिहिली. साल दोन हजार, कंट्रोल रूममध्ये एक बोलणारं यंत्र बॉयलर सांभाळतंय. वर्गाला म्हटलं, पुढं काय बिघडेल ते तुम्ही सांगा.

जवळच्या मौदा गावाहून ड्युटीला येणाऱ्या ऑपरेटर धोटेनं शेवट रंगवला. "मशीन सारखं बोलून राहते, पानी कमी, पानी कमी. दरवेळी खोटंच. म्हणून बोळा. अन् एक दिवस खरंच पानी कमी झालं. मशीन बोंबललं, पन कोणाले आयकूच आलं नाई. बॉयलर फुटलं. खालचे सारे गेले."

"हे तुम्हाले कसं सुचलं, धोटे?" साहेबांनी विचारलं.

हशा थांबला. धोटे खाली बघत म्हणाला, "सुचाले काय लागते साहेब? आपल्या घंटीचं तसंच तं आहे."

साहेब आणि मी तडक कंट्रोल रूममध्ये गेलो. बॉयलरमधलं पाणी कमी झालं की वाजणारी घंटा पॅनेलच्या मागे होती. तिच्यात कापडाचा बोळा ठासून भरलेला. बॉयलर चालू होता. खाली माणसं काम करत होती.

मी बोळा ओढला. घंटा ठणाणा वाजू लागली. कोणी मानही वर केली नाही. ड्युटीवरच्या ऑपरेटरनं गप्पा मारता मारता हात लांबवून घंटा बंद करायचं बटण दाबलं. पॅनेलवरचा पाण्याचा दिवा लागलाय का हे बघितलंसुद्धा नाही.

साहेबांनी स्वतः पाण्याची पातळी दाखवणारं गेज तपासलं. पाणी पुरेसं होतं. घंटा वाजवणारा पातळीचा स्विच खराब, म्हणून ती उगाच वाजायची. तक्रारी करून लोक थकले होते.

"माहीत असून सांगितलं नाई, धोटेले मेमो द्या," साहेब म्हणाले.

"मेमो दिला तर पुढची गोष्ट कोण सांगेल, साहेब?" मी म्हणालो.

साहेबांनी बोळा माझ्या हातातून घेतला. मग म्हणाले, "स्विच आजच्या आज बदला. अन् दुसरी गोष्ट लिहाले घ्या."

तेव्हापासून मी कोणाला 'इथं काय चुकतंय' असं विचारलं नाही. लोक घाबरून सगळं ठीक आहे म्हणतात. दोन हजार साली काय चुकेल असं विचारलं, की आजचं सांगतात.