यादीतलं नाव

नवापूरकडच्या आमच्या गावात ख्रिस्ती मंडळीला काही ठरवायचं असलं की उपासना संपल्यावर पाळक विचारायचे आणि देवळात बसलेले सगळे हात वर करायचे. सातवीतून शाळा सुटली, पण ही सवय राहिली.

इकडं शहरात, गारखेड्यातल्या दवाखान्यात मी आया म्हणून लागले ती इथल्या पाळकसाहेबांच्या शब्दावर. खोलीसुद्धा त्यांनीच पाहून दिली. रविवारी सकाळी ड्युटी आली की माझी उपासना बुडायची. कंपनीतल्या, वॉचमनकी करणाऱ्या पुष्कळांची बुडायची. म्हणून साहेबांनी मंडळीच्या सभेत विषय मांडला, की महिन्यातले दोन रविवार उपासना संध्याकाळी ठेवू. मी त्या दिवशी ड्युटी बदलून गेले होते.

सवयीनं मीही हात वर केला. हात मोजले. एका हाताच्या फरकानं मंजूर झालं.

टाळ्या चालू असतानाच मला आठवलं. सभेच्या सुरुवातीला साहेबांनी सांगितलं होतं, मत फक्त यादीतल्या सभासदांचं. माझं नाव तर अजून गावच्या यादीत. मी उभी राहिले आणि सांगून टाकलं.

"घ्या! आता समान झाले की," यादी सांभाळणारे पंच म्हणाले. "पोरी, चार वर्षं झाली, नाव इकडं घ्यायला गावच्या मंडळीचं पत्र का नाय आणलं गं?"

शेजारच्या मावशी बोलल्या, "साहेबांना जादा मत हाय ना? टाका की साहेब, लई अडचण व्हती लेकरांची."

साहेबांनी मान हलवली. "मत आहे मला. पण अर्ध्या मंडळीवर मी उपासना लादणार नाही. पुढच्या सभेत पुन्हा विचारू."

बाहेर आल्यावर ते मला एवढंच म्हणाले, "बेटा, पत्र मागवून घे."

पत्र न मागवण्याचं कारण मी पंचांना सांगितलं नव्हतं. गावाकडं आमच्या देवळात वर्षाच्या पहिल्या उपासनेत सगळी यादी वाचतात. जो परगावी असेल त्याच्या नावाला घरचं माणूस उठून "आहे" म्हणतं. माझ्या नावाला आई म्हणायची. पत्र निघालं की नाव कटतं.

आईला फोन केला. पत्राचं सांगितलं. ती म्हणाली, "तिथं जेवतेस ना? मग तिथंच नाव असू दे."

पत्र आलं. पुढच्या सभेत माझा हात मोजला गेला आणि संध्याकाळची उपासना मंजूर झाली. मावशींनी माझी पाठ थोपटली.

नव्या वर्षाच्या पहिल्या उपासनेच्या वेळी मी ड्युटीवर होते. भावाला गावच्या देवळात फोन चालू ठेवायला सांगितलं होतं. चादरींच्या खोलीत उभी राहून मी यादी ऐकत होते. आईचं नाव आलं, भावाचं आलं, आणि लगेच शेजारच्या घरातली नावं सुरू झाली.

मध्ये आईचा खोकला तेवढा ऐकू आला.