भोयाची जाळी आणि क्लबची खुर्ची

आमचा कापसाचा हंगाम दिवाळीनंतर भरात येतो आणि ऊन तापू लागले की संपतो. टेनिसचा हंगाम बरोबर तिथून पुढे लागतो. मे महिन्यात पॅरिस, जून सरता सरता विम्बल्डन, पोळ्याच्या आसपास अमेरिका. ऑस्ट्रेलियाची स्पर्धा तेवढी जानेवारीत येते, म्हणजे बाजारात शिरणाऱ्या बैलगाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत गेलेली असते तेव्हा. ती मी कधी धड पाळली नाही. बाकीच्या तीन पाळल्या, अमरावतीत बसून, त्यांतला एकही सामना डोळ्यांनी न पाहता.

मी नांदगाव खंडेश्वरकडचा. अमरावतीच्या कापूस बाजारात आधी पाठीवर बोजे वाहिले, मग काट्यावर उभा राहिलो, मग स्वतःची अडत टाकली. इंग्रजी मी वर्तमानपत्राच्या खेळाच्या पानावर शिकलो, कारण भावाच्या पानावर नुसते आकडे असतात. रेडिओ अकोल्याला घेतला. दुकानदाराने सांगितलेल्या भावावर घासाघीस करत मी तिथे एवढा वेळ बसलो, की शेवटी त्याने एरियलची तार वरून दिली आणि हात जोडले.

बायकोला हे सगळे पसंत नव्हते. "तुमचा कापूस संपला का तुमचं टेनिस सुरू," ती म्हणायची. "मले कोनता हंगाम सुटीचा हाय, ते सांगा एकदा."

टेनिसबद्दल माझी काही मते आहेत आणि ती बाजारातल्या माणसाची आहेत. पहिले म्हणजे गुण. पंधरा, तीस आणि मग चाळीस. पंचेचाळिसातले पाच गेले कुठे? आमच्याकडे अशा कापून घेतलेल्या पाचाला कडता म्हणतात आणि त्यावरून शेतकरी अडत्याचा गळा धरतो. तिथे इतक्या पिढ्या कोणी विचारलेले दिसत नाही. दुसरे म्हणजे गवत. इंग्रज माणूस गवत वाढवतो, ते कापतो, त्याच्यावर पाणी मारतो आणि मग पंधरा दिवस त्यावर पळून त्याची माती करतो. पॅरिसचे मैदान मला त्या मानाने जवळचे वाटे. लाल भुकटी, चेंडू संथ, दोघेही एकमेकांच्या चुकीची वाट पाहत उन्हात उभे. मोर्शीकडचा संत्र्याचा बागवान आणि नागपूरचा व्यापारी असेच उभे असतात. आपला एक भारतीय खेळाडू एकदा विम्बल्डनला बराच पुढे गेला, तेव्हा मी दोन दिवस कोणावर ओरडलो नाही, असे दुकानातले लोक सांगतात.

तिसरे मत जरा कडू आहे. त्या काळी विम्बल्डनचा नियम असा होता, की जो पैसे घेऊन खेळतो त्याला आत घ्यायचे नाही. आत फक्त हौशी. आता जो माणूस वर्षभर देशोदेशी खेळत फिरतो, तो काय वारा खाऊन राहतो? प्रवासखर्चाच्या नावाखाली त्याला पाकीट मिळते, हे पेपरातही आडून आडून येत असे. आमच्या बाजारात जुन्या काळी रुमालाखाली भाव होई. दोघांच्या हातांवर कापड टाकायचे, आत बोटे दाबायची, बाहेरच्याला पत्ता नाही. पुढे ती रीत मोडली आणि उघड लिलाव आला. या बाबतीत विम्बल्डन आमच्या मागे होते.

आणि जे उघड पैसे घेत, ते धंदेवाईक. त्यांची टोळी सर्कशीसारखी आज या शहरात, उद्या त्या शहरात, लाकडी फळ्यांवर खेळत हिंडे. विम्बल्डन जिंकलेला चांगला खेळाडू धंद्यात गेला, की दुसऱ्या वर्षीपासून पेपरात त्याच्या वाट्याला दोन ओळी, त्याही कधी येत, कधी नाही. म्हणजे जगातला पहिला कोण हे ठरवायचे आणि सगळ्यांत चांगला माल फाटकाबाहेर उभा ठेवायचा.

हे मला लागे, कारण मीही एका फाटकाबाहेर उभा होतो.

गावाबाहेर एक क्लब होता. वकील, डॉक्टर, सरकारी अधिकारी असे तिथले सभासद. मुरमाचे एक मैदान, पुढे पत्र्याची पडवी, पडवीत मोठा रेडिओ. तो माझ्या रेडिओसारखा खरखरत नसे. सायकलवरून जाताना मी मेंदीच्या कुंपणापाशी थांबून खेळ पाही. मला त्या पडवीत एक खुर्ची हवी होती. दुसरे काही नाही.

एका हिवाळ्यात क्लबची जाळी फाटली. विलायती जाळी महाग, शिवाय यायला वेळ. क्लबचे चिटणीस एक वकील होते, माझी एक फिर्याद त्यांच्याकडे होती. त्यांनी सहज विचारले, मी म्हटले, करून देतो. अकोल्याला मोर्णा नदीच्या काठी एक भोई माझ्या ओळखीचा होता. माशांच्या जाळ्या विणण्यात त्याचा हात कोणी धरत नसे. त्याला मी लांबी सांगितली, उंची सांगितली, दोरा माझ्याकडचा दिला.

"पकडाचं काय हाय?" त्याने विचारले.

"चेंडू. लहान संत्र्याएवढा."

"मंग होऊन जाते."

जाळी चांगली घट्ट झाली. फक्त तिला खाली पूर्ण लांबीची खोळ होती. मी विचारले तर तो म्हणाला, "भाऊ, जाळी हाय अन् खोळ नाही, तं पकडलेलं ठेवता कुठी?" उसवायला वेळ नव्हता. तशीच गाडीत घालून आणली आणि बांधली. पहिल्याच दिवशी जाळीला लागलेले चेंडू घरंगळत खोळीत जाऊन बसले. क्लबचे लोक हसले आणि मग त्यांना ते आवडले. वाकून चेंडू शोधायला नको. खेळ संपला की खोळीत हात घालायचा.

चिटणीसांनी किंमत विचारली. मी म्हटले, राहू द्या. ते म्हणाले, "तुमचं हे काम क्लब विसरणार नाही." मला काय हवे ते त्यांना ठाऊक होते, कुंपणापाशी ते मला रोज पाहत. जंटलमन माणसांत भाव तोंडाने बोलत नाहीत, असे मी ऐकून होतो.

थंडी गेली, उन्हाळा गेला. विम्बल्डन जवळ आले तेव्हा मी जाऊन विचारले.

"आभाराचा ठराव झाला आहे," चिटणीस म्हणाले. "तुमची जाळी ही क्लबला मिळालेली भेट."

"अन् सभासदत्व?"

"ते वेगळं. समितीचं मत असं पडलं, की अडत-दलालीची मंडळी आली की भावाच्या गोष्टी येतात. क्लबचं वातावरण जरा निराळं आहे."

यावर मी जे बोललो ते लिहिण्यासारखे नाही. कुंपणापलीकडे एका टांगेवाल्याने घोडा थांबवून ते सगळे ऐकले. फिर्याद मी दुसऱ्या वकिलाकडे नेली. घरी बायकोने एकच विचारले, "कापसाची गाडी घेता तं बोटं दाबून घेता. जाळी फुकट द्याले कोनं शिकोलं तुमाले?" मी तिच्यावरही ओरडलो.

त्यानंतर दर पावसाळ्यात माझ्या खरखरत्या रेडिओला कान लावून मी विम्बल्डन ऐकले. क्लबच्या रस्त्याने जाणे सोडले. बाजारातून घरी यायला तो रस्ता जवळचा होता.

अडुसष्ट साली बातमी आली, की विम्बल्डनचे फाटक उघडले. पैसे घेणारे, न घेणारे, सगळे आत. मी पेपर घडी करून ठेवला आणि बाजारात जेवढे हमाल होते तेवढ्यांना चहा सांगितला.

"काय झालं शेठ, भाव चढला का?" एकाने विचारले.

"चढला," मी म्हटले.

त्याच उन्हाळ्यात एक दिवस चिटणीस स्वतः बाजारात आले. केस पांढरे झाले होते, काठी हातात आली होती. गाड्या थोड्याच होत्या, हमाल लिंबाखाली बसले होते. मी त्यांना बसायला कापसाची गासडी दिली.

"जाळी उंदरांनी खाल्ली," ते म्हणाले. "तुमच्या त्या भोयाचा पत्ता दिलात तर मी परस्पर सांगून टाकीन. तुम्हाला त्रास नको."

"पत्ता काहून देऊ? तो माझा माल हाय."

"मग तुम्हीच करून द्या. काय ते सांगा."

मी खांद्यावरचा दुपट्टा काढला, त्यांचा हात हातात घेतला आणि वरून कापड टाकले. कापडाखाली त्यांची बोटे दाबली. हमाल उठून जवळ आले.

"हे काय चाललंय?" चिटणीस म्हणाले.

"भाव करून राहिलो."

"मला यातलं काही कळत नाही हो."

"मंग तोंडानं बोला."

ते काहीतरी पुटपुटले. मी म्हटले, "मोठ्यानं बोला, वकीलसाहेब. हा बाजार उघड लिलावाचा हाय."

त्यांनी इकडे तिकडे पाहिले. मग कोर्टात बोलावे तसे बोलले, "जाळी करून द्या. क्लब तुम्हाला सभासद करून घेईल."

"जाळीच्या बदल्यात?"

"जाळीच्या बदल्यात."

"अन् समितीचं मत?"

"समितीत आता आम्ही तिघंच उरलो आहोत. त्यातल्या एकाला ऐकू येत नाही."

हमाल हसले. मी हसलो नाही, सौदा पुरा झाला नव्हता. "खुर्ची रेडिओजवळची," मी म्हटले.

"ती माझी आहे."

"मंग तिच्या बाजूची."

"बरं, बाजूची," ते म्हणाले आणि दुपट्ट्याखालून हात काढून घेतला.

अकोल्याचा भोई म्हातारा झाला होता, पण बोटे तशीच चालत. "पह्यल्या जाळीत काही लागलं का?" त्याने विचारले.

"नाही."

"मंग दुसरी काहून?"

"आता पाणी बदललं," मी म्हटले. त्याला ते पटले. खोळ ठेवू का, असे त्याने विचारलेसुद्धा नाही, ठेवलीच.

विम्बल्डनच्या अंतिम सामन्याच्या संध्याकाळी आमच्याकडे पाऊस होता. मैदानात पाणी साचलेले, जाळी गुंडाळून आत ठेवलेली. पत्र्यावर एवढा आवाज, की मोठ्या रेडिओतलेही अर्धेच ऐकू येत होते. खेळणारे दोघेही उघड पैसे घेणारे, फाटकातून सरळ आत आलेले. मी चिटणीसांच्या बाजूच्या खुर्चीत बसून ऐकत होतो. गुण सांगितला गेला, तसे मी विचारले, "वकीलसाहेब, चाळीसच काहून? पाच कुठी गेले?"

"परंपरा आहे," ते म्हणाले.

"कडता म्हना."

ते हसले, मग रेडिओचा कान पिळून आवाज थोडा वाढवला आणि त्याचे तोंड माझ्याकडे केले.

घरी आलो तेव्हा पाऊस थांबला होता. बायको भाकरी टाकत होती. "कशी हाय तुमची खुर्ची?" तिने विचारले.

"वेताची. मधात फाटेल हाय. टोचते."

"म्हंजे इतकी वर्सं त्या फाटक्या खुर्चीसाठी भांडले?"

"उद्या जातो," मी म्हटले. "बदलून मागतो."