आशीर्वादाआधीचं द्राक्ष

आज बाजारात धाकट्या नातीनं पिशवीतलं द्राक्ष तोंडात टाकलं आणि मी नकळत म्हणालो, "थांब, अजून आशीर्वाद झाला नाही." ती द्राक्ष गालात धरून बघत राहिली.

साठच्या दशकात मी इथे जर्मनीत, कार्ल्सरूहेला शिकायला आलो, तेव्हाची माझी घरमालकीण आराक्सीबाई आर्मेनियन. ऑगस्टमधल्या एका रविवारी चर्चमध्ये द्राक्षांना आशीर्वाद मिळेपर्यंत त्यांच्यात कुणी द्राक्ष खात नसे. चर्च कसलं, युद्धात अर्धी पडलेली एक इमारत. ती पाडून नवी बांधायची ठरली आणि जागा सोडायची वेळ आली नेमकी त्या रविवारच्या आदल्या दिवशी.

आम्ही बाकं, पडदे, समया ट्रकमध्ये चढवल्या. आराक्सीबाई मात्र द्राक्षांची टोपली मांडीवर घेऊन पायरीवरून हलेनात. "या वर्षीचा आशीर्वाद इथलाच," म्हणाल्या. शेवटी पाद्रीबाबांनी फुटपाथवरच प्रार्थना म्हटली. पहिला घड बाईंनी दिला पाडकामाला आलेल्या मुकादमाला. त्यानं टोपी काढून तो घेतला.

नव्या इमारतीत ते लोक काही परतले नाहीत. सवय तेवढी माझ्याकडे राहिली. तुमच्याकडे आहे का अशी कुणाची उसनी सवय?

नातीनं जर्मनमध्ये विचारलं, मग आता आशीर्वाद कोण देणार?

मी भर बाजारात हात जोडले. ती थांबली, मग तिनं हळूच द्राक्ष चावलं.