कान कापलेली म्हैस

ती म्हैस आजही माझ्या डोळ्यांसमोर येते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांतले बरेच आता विसरलो. ही विसरलो नाही. निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना मी विश्रांतवाडीच्या पलीकडच्या एका पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. आमच्या हद्दीत नुकतंच शहरात आलेलं एक गाव होतं. एका बाजूला चौदा मजली इमारती, दुसऱ्या बाजूला चार गोठे. नावं कोणाचीच घेत नाही. त्यातली बहुतेक माणसं अजून तिथेच राहतात आणि भेटली की चहाचा आग्रह करतात.

सकाळची हजेरी चालू असताना फोन आला. समोर एका सोसायटीतले निवृत्त गृहस्थ होते.

"अहो, आमच्या मागच्या ओढ्यात एक म्हैस मरून पडली आहे. ती सोसायटीची नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर आपण आम्हालाच विचारायला याल."

मेलेलं जनावर उचलणं हे पोलिसांचं काम नव्हे. पालिकेला कळवलं की त्यांची गाडी येते. तसं मी त्यांना सांगितलं आणि फोन ठेवणार, तेवढ्यात ते म्हणाले, "तिचा एक कान कापलेला आहे. म्हटलं, आपल्याला यात रस असेल."

रस होताच. स्टेशन डायरीत नोंद केली, एका जुन्या हवालदाराला बरोबर घेतलं आणि निघालो.

म्हैस ओढ्याच्या काठावर आडवी पडली होती. ट्रॅक्टरच्या चाकांच्या खुणा तिथपर्यंत येऊन परत डांबरी रस्त्याला लागल्या होत्या. मी बराच वेळ नुसता बघत राहिलो. शिंगांना तेल लावलेलं, अंग नुकतंच भादरलेलं, पोट भरलेलं. जनावरावर माया असलेल्या माणसाची ही म्हैस होती. मग तिला इथे ओढत आणून टाकलं कोणी? कानाच्या जागी रक्त फारसं नव्हतं, म्हणजे कान मेल्यावर कापला होता. कानात पिवळा बिल्ला असतो आणि त्यावरच्या नंबरावरून मालक सापडतो. मालक सापडू नये, एवढ्यासाठी हा उद्योग केलेला दिसत होता.

तोंडाला वाळलेला फेस होता. हवालदार जबडा उघडून बघायला वाकला, तोच मागून आवाज आला, "हात लावू नका!"

पालिकेच्या पशुवैद्य डॉक्टरबाई गाडीतून उतरत होत्या. त्यांनी हातमोजे, मास्क, चष्मा असा सगळा जामानिमा चढवला आणि मगच म्हशीजवळ बसल्या. मागच्या पायावर त्यांना एक जुनी, बुजत आलेली जखम दिसली. दातांची होती.

"पिसाळलेलं कुत्रं चावलं असावं," त्या म्हणाल्या. "मेंदूचा नमुना तपासायला पाठवते, पण मला फारशी शंका नाही."

मी म्हणालो, "म्हैस तर मेली. आता धोका कोणाला?"

त्यांनी मला जे सांगितलं ते मी जन्मात ऐकलं नव्हतं. रेबीज झालेल्या म्हशीला गिळता येत नाही. ती लाळ गाळते, विचित्र हंबरते, चारा तोंडात धरून उभी राहते. बघणाऱ्याला वाटतं, घशात काहीतरी अडकलंय. मग गोठ्यातलं कोणीतरी तिच्या तोंडात हात घालून चाचपतं. लाळेत रोगाचे विषाणू असतात आणि काम करणाऱ्याच्या हाताला कुठे ना कुठे खरचटलेलं असतंच.

"प्रत्येक वेळी कोणीतरी हात घालतंच," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्या माणसाला लगेच लस मिळाली तर तो वाचतो. लक्षणं दिसायला लागली की मग काही करता येत नाही. म्हणून मला म्हशीचा मालक नको आहे, मला तो हात घालणारा माणूस हवा आहे. सरळ गोठ्यांमध्ये जाऊन सांगून टाकू या का?"

मी नको म्हणालो. तपासात हाती लागलेली माहिती संशयिताला सांगायची नाही, हे आमच्या अंगात मुरलेलं असतं. रेबीज हा शब्द ऐकला की बोलणारे लोकही तोंड शिवून बसतील, आणि आसपासच्या सोसायट्यांत दुधावरून हलकल्लोळ होईल, असं माझं गणित होतं. आधी कबुली, मग बाकीचं. बाईंना ते पटलं नाही, पण पोलिसांशी वाद घालायची त्यांना सवय नसावी. त्या आमच्याबरोबर निघाल्या.

आम्ही चारही गोठे पालथे घातले. शहरात जनावरं पाळायची तर पालिकेच्या आरोग्य खात्याचा परवाना लागतो. जनावरं किती ते त्यात लिहिलेलं असतं, शेण-मूत कसं काढायचं ते असतं, जनावर मेलं तर कळवायचं हेही असतं. प्रत्येक गोठ्यात परवाना भिंतीवर देवाच्या तसबिरीशेजारी टांगलेला होता. आकडा सगळीकडे बरोबर जुळत होता. इतका बरोबर की मलाच गंमत वाटली.

तिसऱ्या गोठ्याचा मालक पन्नाशीचा, उंच, कमी बोलणारा होता. गावची जमीन बिल्डरकडे गेली तरी त्याने गोठा सोडला नव्हता. शेजारच्या सोसायटीने वासावरून आणि माश्यांवरून त्याच्याविरुद्ध अर्जांचा रतीब लावला होता. आणखी एक चूक सापडली तर परवाना रद्द होणार, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

"परवान्यात सहा, दावणीला सहा," तो म्हणाला. "मोजा की साहेब."

मी म्हशी मोजल्या, मग खुंटे मोजले. खुंटे सात होते. सातव्याला दावं नव्हतं, पण लाकूड दाव्याने घासून गुळगुळीत झालेलं होतं.

"हा कशाला?"

"असाच हाय. जुना."

त्याला ठाण्यात आणलं. अकरा वाजल्यापासून मी त्याच्यासमोर बसलो. चौकशीची माझी पद्धत साधी होती: एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारायचा आणि मधे पुष्कळ वेळ गप्प बसायचं. गप्पपणा भल्याभल्यांना सहन होत नाही. याला होत होता. खोटं बोलणारा माणूस सहसा दाराकडे बघतो. हा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता, कारण दुपारच्या धारेची वेळ जवळ येत होती.

"म्हैस कोणाची?"

"माझी न्हाय."

"सातवी कुठे गेली?"

"सातवी नव्हतीच, साहेब."

दोन तास हेच चाललं. बाहेरच्या बाकावर डॉक्टरबाई बसून होत्या आणि मी दार उघडलं की नुसत्या माझ्याकडे बघत होत्या.

तपास पुढे सरकला तो हवालदारामुळे. तो मूळचा खेड्यातला. मोबाइलवरचे म्हशीचे फोटो मोठे करून बघत तो म्हणाला, "साहेब, हे भादरणं बघा. कपाळावर केसांचा झुपका राखलाय, पाठीवर सरळ पट्टा सोडलाय. हे घरी केलेलं न्हाय. म्हशी भादरणारा एकजण मशीन घेऊन या भागात फिरतो, त्याला इचारू या."

म्हशीच्या अंगावरचे केस काढून देणं हा एक स्वतंत्र धंदा आहे, हे मला पुण्यात इतकी वर्षं काढून तेव्हा कळलं. हवालदाराने फोन केला आणि अर्ध्या तासात तो माणूस मोटारसायकलवर आला. चाळिशीचा, हसरा, मागच्या सीटवर मशीनची पेटी बांधलेली. ठाण्यात बोलावलं म्हणून घाबरलेला नव्हता. उलट पोलिसांना आपल्या कामाचं काय पडलंय, याचं त्याला कुतूहल होतं.

फोटो बघताच तो म्हणाला, "हे माझंच काम हाय. असा झुपका दुसरा कोण राखतो? ही तर आपल्या..." आणि त्याने आत बसलेल्या मालकाचं नाव घेतलं. मग चेहरा पडला. "मेली व्हय? लई गुणाची होती."

मी खूश झालो. प्रकरण सुटलं होतं. जबाब लिहायला कागद पुढे ओढला आणि रीतसर विचारलं, "शेवटची कधी पाहिलीस?"

"परवा की. चारा गिळंना म्हणून दादांनी बोलावलं. मला जनावरातलं कळतं ना थोडं. कोपरापर्यंत हात घातला घशात, चांगलं चाचपलं. काय सुदीक नव्हतं अडकलेलं."

डॉक्टरबाई दारात उभ्या होत्या. त्या पुढे आल्या आणि म्हणाल्या, "हात दाखवा." त्याने दोन्ही पंजे पुढे केले. रोज मशीनच्या पात्यांशी काम करणारा माणूस तो. बोटांवर बारीक कापल्याच्या पाच-सहा ताज्या रेघा होत्या.

 मी जबाबाचा कागद बाजूला सारला. बाईंनी त्याला तिथल्याच नळावर नेलं, स्वतः उभं राहून साबणाने बराच वेळ हात धुवायला लावले आणि शांतपणे सगळं सांगितलं. तो हसायला लागला. "अहो ताई, मला कुत्रं कुठं चावलंय?" त्यांनी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा तो हसला नाही. "माझ्या पोरी लहान हाईत," एवढंच म्हणाला. आमच्या जीपमधून त्याला तिथूनच सरकारी रुग्णालयात पाठवलं.

मी आत गेलो आणि मालकाला जसं घडलं तसं सांगितलं. दोन तास दगडासारखा बसलेला तो माणूस खुर्चीतून उठलाच.

"मीच बोलावलं त्याला," तो म्हणाला. "साहेब, सकाळीच का न्हाय सांगितलं?"

मग त्याने न विचारता सगळं सांगितलं. सातवी म्हैस गावाकडून आणलेली, परवान्याबाहेरची. कुत्रं चावलं तेव्हा हळद भरली आणि विसरून गेला. मेल्याचं कळवलं असतं तर सातवी होती हे उघड झालं असतं. बिल्ल्यासकट कान त्यानेच कापला, आणि सांगताना त्याला रडू आवरत नव्हतं. बांबूच्या नळीने औषध पाजताना म्हशीचं तोंड त्याच्या बायकोने धरलं होतं. दूध कोणाकोणाकडे जात होतं तेही त्याने घर अन् घर सांगितलं. संध्याकाळपर्यंत तो, त्याची बायको आणि ट्रॅक्टरवर मदतीला आलेला भाऊ यांना पहिली लस टोचून झाली होती. डॉक्टरबाई दूध घेणाऱ्यांच्या घरोघरी फिरल्या. सगळीकडे दूध उकळूनच घेत होते, त्यामुळे तिथे धोका नव्हता.

तपासणीचा अहवाल पुढे आला, डॉक्टरबाईंचा अंदाज बरोबर निघाला. गुन्हा मी दाखल केला, तो करणं भागच होतं. परवान्यावर काही काळ गदा आली, नंतर तो सहा म्हशींपुरता परत मिळाला. लसीचे सगळे डोस सगळ्यांनी पूर्ण केले. चौघंही आज ठणठणीत आहेत.

नियम मोडणारा माणूस वाईटच असतो असं नाही, हे पोलिसाला नोकरीत लवकर कळतं. तो बहुतेक वेळा घाबरलेला असतो आणि आपण त्याला आणखी घाबरवतो. मालकाने परवान्याच्या भीतीने म्हैस लपवली. मी कबुलीच्या हट्टापायी आजार लपवला. त्याच्यावर कलम लागलं, माझ्यावर लागलं नाही, एवढाच फरक.

शेवटचा डोस घेतल्यावर तो भादरणारा मला भेटायला ठाण्यात आला होता. चहा घेतला, आणि उठता उठता अगदी सहज विचारलं, "साहेब, त्या दिवशी तुम्ही मला शोधतच होता ना?"

मी हो म्हणालो. ते खोटं होतं. मी आरोपी शोधत होतो. तो साक्षीदार म्हणून माझ्यापर्यंत आला, म्हणून वाचला.