टाक्यांची मुसकी

पवनेच्या धरणात पाणी साठू लागलं, तेव्हा आतली दारं तपासायला पाणबुडे आले. त्यांचं सामान तिकोणा पेठेच्या अलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये असे. राखण आमच्या मालकांकडे होती. काम रोजंदारीचं, पण साहेबांची मर्जी बसली तर कायम करतील अशी आशा होती. सासूबाईंनी तर त्याचे पेढे अर्ध्या गावाला आधीच कबूल केले होते.

पाणबुडे पाठीवर हवेच्या टाक्या बांधत. टाक्या लोखंडी, बुडाला गोल. उभ्या राहाव्यात म्हणून प्रत्येकीला खालून रबरी बूट. उन्हानं ते बूट सैल पडले होते. टाकी उचलली की बूट जमिनीवरच राही, आणि बिनबुटाची टाकी ठेवली की आडवी होऊन उताराला लागे. एक बूट पाण्यात गेला तो गेलाच. साहेब मालकांना म्हणाले, "आणखी एक बूट गेला, तर उद्यापासून येऊ नका."

मालक घरी आले आणि ताटाकडे बघत बसले.

"बूट ऱ्हात न्हाई तर बांदून घाल की," सासूबाई म्हणाल्या. "एवडं काय सुतक धरायचं?"

"कशाला बांदू, आई? गुळगुळीत हाय ती."

मी चुलीपुढे होते. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते, अजूनही. खुंटीवर बैलांची मुसकी होती. मळणीत बैलांनी भात खाऊ नये म्हणून त्यांच्या तोंडाला बांधायची घायपाताची जाळी, दरवर्षी मीच विणायची. एक काढून मी मालकांपुढं ठेवलं.

"म्हंजी? मलाच मुसकं घालती का काय आता?"

मी पाण्याचा तांब्या उपडा केला आणि त्याच्या बुडाला मुसकं चढवलं. तेव्हा कुठं त्यांच्या ध्यानात आलं. मग जेवले.

दुसऱ्या दिवशी मी आणखी दोन विणली. खुंटीवरची आणि ही, सगळी शेडवर नेऊन टाक्यांना चढवली, तर बूट हलेना. ज्या टाकीचा बूट बुडाला होता तिला सासूबाईंनी डोक्यावरची, हंड्याखाली ठेवायची चुंबळ दिली. वरून मुसकं बसलं, तशी तीही ऐटीत उभी राहिली. मी मुसक्याच्या दोऱ्या टाकीच्या गळ्यात बांधणार, एवढ्यात सासूबाईंनी हात धरला.

"गळ्यात गं कशाला? मुसकं शिंगामागं बांदत्यात. गळ्यातलं निसटतं."

टाकीच्या वरच्या टोकाला बाजूला आलेलं एक बोंड होतं, शिंगासारखंच. त्यालाच चार वेढे दिले आणि सासूबाईंनी बैलाची गाठ मारली.

सकाळी आम्ही दोघी भाकरी घेऊन काठावर गेलो. साहेबांनी मुसकी बघितली, चुंबळ बघितली, पण बूट घट्ट होते म्हणून काही बोलले नाहीत. एक पाणबुडा टाकी पाठीवर घेऊन उभा राहिला आणि दुसरा मागून ते बोंड फिरवू लागला. फिरेना. त्यानं पाना मागवला.

"हवेची चावीच अडकलीय, साहेब!"

साहेब मालकांकडे वळले. "टाक्यांना हात कोणी लावला?"

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या भाकऱ्या मोजू लागल्या होत्या. पेढे, राखण, सगळं त्या बोंडाला अडकलेलं. पदर तोंडावर ओढला आणि पदराच्या आतूनच मी ओरडले, "शिंगावरनं सोडा! गळ्यात बांदा!"

पाणबुड्यानं आधी स्वतःच्या डोक्यावर शिंगं चाचपली.

काठावर एवढा हशा पिकला की साहेबांनाही राग धरता येईना. दोऱ्या गळ्यात बांधल्या, चावी फिरली आणि पाणबुडे पाण्यात उतरले. वर आले तेव्हा प्रत्येक बूट जागेवर होता. चुंबळही होती, ओलीगच्च. साहेब मालकांना म्हणाले, "तुम्ही राहा. आणि ही जाळी असू द्या आमच्याकडे."

परत येताना सासूबाई म्हणाल्या, "मी तर आदीच म्हनलं हुतं, गळ्यात बांद."

मुसकी पाणबुड्यांनी नेली ती नेलीच. चारच दिवसांत मळणी निघाली, नवी विणायला सवड झाली नाही. त्या वर्षी आमच्या बैलांनी खळ्यावर भात खाऊन घेतला, पेढ्यांची वाट न बघता.